ईमेलवर येणारे सहा अंक आणि त्यांच्यामागचा खटाटोप

भारतात ओटीपीची सवय सर्वसामान्यांना बँकांनी लावली. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन खरेदीत, कार्डावर छापलेली नसलेली एखादी माहिती विचारून आणखी एक पडताळणी केलीच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच बँकेने डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीसाठी नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. दोन वेगवेगळे घटक तपासण्याचे बंधन त्यात आहे, मात्र दुसरा घटक एसएमएसनेच यावा असा आग्रह नाही. ‘ओटीपी जाणार का’ ही चर्चा त्यावरूनच सुरू झाली.

बँकांकडे पैसा आहे, माणसे आहेत आणि मागे लागणारा नियामक आहे. पण आता गृहनिर्माण संस्था, सार्वजनिक वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, लहानसा दवाखाना अशा सर्वांच्याच वेबसाइट असतात आणि त्यांत लोकांचे पत्ते, फोन क्रमांक, थकबाकी आणि तक्रारी साठलेल्या असतात. अशा ठिकाणी ‘पासवर्डानंतर ईमेलवर सहा अंकी ओटीपी पाठवू’ हा उपाय सर्वांत आधी सुचतो. ईमेल पाठवण्याचे काम एका दुपारचे आहे. त्या सहा अंकांभोवतीचे नियम नीट लिहिणे हे खरे काम, आणि घसरगुंडी होते ती तिथेच. शिवाय नियम अचूक लिहिले तरी ही पद्धत एका ठरावीक प्रकारच्या चोरालाच अडवते, हे सुरुवातीलाच ठाऊक असलेले बरे.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ठाण्यात दीडशे सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे असे समजा. तिच्या वेबसाइटवर सदस्यांना देखभाल शुल्काची बिले, सभांची इतिवृत्ते आणि आपले खाते पाहता येते. बरेच सदस्य तिथेच राहतात, काही पुण्याला गेले आहेत आणि एक कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले आहे.

दुसरी किल्ली कशासाठी?

बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक किल्ली आपल्याजवळ असते, दुसरी बँकेकडे. त्यामुळे आपली किल्ली हरवली तरी सापडणाऱ्याला लगेच काही हाती लागत नाही. या व्यवस्थेचे बळ किल्ल्या दोन असण्यात जितके आहे, त्याहून अधिक त्या दोन वेगळ्या ठिकाणी असण्यात आहे. दोन्ही एकाच जुडग्यात अडकवल्या तर एक किल्ली असल्यासारखेच होईल.

संगणकाच्या जगात माणसाची ओळख तीन प्रकारे पटवता येते: त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून, म्हणजे पासवर्ड किंवा पिन; त्याच्या ताब्यातल्या वस्तूवरून, म्हणजे फोन किंवा कार्ड; आणि त्याच्या शरीरावरून, म्हणजे बोटाचा ठसा किंवा चेहरा. यांपैकी दोन वेगळ्या प्रकारांची खात्री करून घेण्याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात. या लेखात त्याला दुहेरी पडताळणी म्हणू. पासवर्ड विचारून वर ‘तुमच्या पहिल्या शाळेचे नाव काय’ असे विचारणे ही दुहेरी पडताळणी नव्हे, कारण दोन्ही उत्तरे ‘ठाऊक असलेली गोष्ट’ याच जुडग्यातली आहेत.

संस्थेचा पासवर्ड चोरीला जाण्यासाठी संस्थेकडून चूक व्हावीच लागते असे नाही. एखाद्या सदस्याने तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी खरेदीच्या वेबसाइटवर वापरलेला असतो, तिथला साठा फुटतो, आणि ईमेल-पासवर्डांच्या लाखो जोड्या घेऊन एखादा प्रोग्राम जगभरातल्या वेबसाइटची दारे ठोठावत फिरतो. या प्रोग्रामला त्या सदस्याशी काहीच देणेघेणे नसते. दार उघडले तर ठीक, नाही तर पुढचे. अशा चोरापुढे ईमेलचा ओटीपी फार चांगला टिकतो, कारण जोडीतला पासवर्ड बरोबर असला तरी सदस्याच्या मेलबॉक्सपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

एसएमएस का नको?

एसएमएस नकोच असे नाही, पण तो छोट्या संस्थेला परवडतोच असेही नाही. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी संस्थेची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीही नोंदणी करावी लागते. प्रत्येक संदेशाचे पैसे पडतात आणि डब्लिनच्या क्रमांकावर तो वेळेत पोहोचेल याची खात्री देता येत नाही. शिवाय सदस्याच्या नावाने दुसरे सिमकार्ड काढून त्याचे ओटीपी पळवण्याचे प्रकार आता सर्वांना माहीत आहेत.

फोनवरच्या अॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे अंक ही तिसरी वाट. तिचे मानक २०११ सालचे आहे आणि ती ईमेलपेक्षा निश्चित सुरक्षित आहे. पण सत्तरीतल्या काकांना ते अॅप बसवून देणे, फोन बदलल्यावर ते पुन्हा जोडून देणे आणि दर महिन्याला ‘माझे अंक चालत नाहीत’ हे ऐकून घेणे हा भार कोणी उचलायचा, हे आधी ठरवावे लागते. ईमेलचा पत्ता मात्र संस्थेकडे आधीपासून नोंदलेला असतो. म्हणून अॅप ज्यांना हवे त्यांना ते द्यावे आणि बाकीच्यांना ईमेल, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

ओसरीवर थांबलेला पाहुणा

पासवर्ड बरोबर आला, ओटीपी अजून यायचा आहे, या मधल्या क्षणी सदस्य आत आहे की बाहेर? या प्रश्नाचे उत्तर प्रोग्राममध्ये स्पष्ट लिहिलेले नसणे ही सर्वांत घातक चूक आहे, आणि ती वरवर पाहता दिसतही नाही.

जुन्या वाड्यात अनोळखी माणसाला थेट माजघरात नेत नसत. तो ओसरीवर बसे, आत वर्दी जाई आणि ओळख पटल्यावर त्याला बोलावणे येई. वेबसाइटलाही अशी ओसरी हवी. वेबसाइट प्रत्येक ब्राउझरला एक बिल्ला देते. त्या बिल्ल्यावरून चालणाऱ्या भेटीला सेशन म्हणतात. पासवर्ड जुळल्यावर सर्व्हरने त्या सेशनमध्ये एवढेच लिहून ठेवावे की ‘सदनिका ४०२ च्या सदस्याने पासवर्डाची पायरी अमुक वाजता ओलांडली’. लॉगिन झाल्याची नोंद करू नये. अनेकदा घडते ते उलटे. वेबसाइट बनवण्यासाठी मिळणाऱ्या तयार चौकटीतला, म्हणजे फ्रेमवर्कमधला, लॉगिनचा आदेश आधी चालवला जातो आणि मग सदस्याला ओटीपीच्या पानाकडे पाठवले जाते. चांगला सदस्य निमूटपणे त्या पानावर जातो. चोर मात्र पत्त्याच्या पट्टीत बिलांच्या पानाचा पत्ता टाइप करतो आणि ओटीपी न देताच आत शिरतो, कारण सर्व्हरच्या दृष्टीने त्याचे लॉगिन कधीच पूर्ण झालेले असते.

जँगो ही पायथॉन भाषेतली लोकप्रिय चौकट वापरणाऱ्यांना यासाठी एक तयार जोडणी मिळते. तिच्या रचनेत सदस्य ‘लॉगिन झालेला’ आणि ‘पडताळलेला’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. रचना चांगली आहे, पण तिचा अर्थ असा की प्रत्येक पानाने दुसरी अवस्था तपासली पाहिजे. चाळीस पानांपैकी एकोणचाळीस पानांवर तपासणी आहे आणि एक राहिले, तर चोराला ते एकच पुरते. म्हणून ही तपासणी पानागणिक न विखुरता, येणारी प्रत्येक विनंती जिथून जाते अशा एकाच वेशीवर बसवावी आणि तपासणीशिवाय उघडणाऱ्या पानांचीच छोटी यादी करावी.

मागची दारेही मोजून घ्यावीत. मोबाइल अॅपसाठी केलेला वेगळा मार्ग, संस्थेच्या व्यवस्थापकाचे खास पान आणि ‘पासवर्ड विसरलात?’ मधून नवा पासवर्ड देताच थेट आत नेणारी सोय या तीन ठिकाणी ओटीपी विचारायचे हमखास राहून जाते. व्यवस्थापकाच्या पानाचे तर विशेषच, कारण एका सदस्याचे खाते फुटले तर एका घराची माहिती जाते, व्यवस्थापकाचे फुटले तर दीडशे घरांची.

ओटीपी जुळला की ओसरीवरचा बिल्ला परत घेऊन नवा द्यावा, म्हणजे सेशनची ओळख बदलावी. कोणी आधीच त्या बिल्ल्याची नक्कल करून ठेवली असेल तर ती तिथेच निकामी होते. आणि एका ब्राउझरच्या लॉगिनसाठी निघालेला ओटीपी दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालू नये, कारण तो ओसरीवर बसलेल्या त्याच पाहुण्यासाठी आहे.

सहा अंकांचे गणित

०००००० ते ९९९९९९ असे एकूण १० लाख ओटीपी होऊ शकतात. पाच वेळा चुकण्याची मुभा दिली तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दोन लाखांत एक. आकडा दिलासा देणारा आहे, पण तो खरा राहतो तो पाच म्हणजे खरोखरच पाच असतील तोवर.

मर्यादा फसते कशी, ते २०१९ साली लक्ष्मण मुथय्या या भारतीय सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले. इन्स्टाग्रामवर विसरलेला पासवर्ड बदलताना फोनवर सहा अंकी क्रमांक येई आणि तो दहा मिनिटे चाले. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा होती, पण ती विनंती कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली यावर मोजली जात होती. मुथय्या यांनी एक हजार वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकाच वेळी मारा करून दोन लाख प्रयत्न विनाअडथळा पाठवून दाखवले. कंपनीने ती त्रुटी दुरुस्त केली आणि त्यांना ३०,००० डॉलरचे बक्षीस दिले. चोर किती दारांतून येतो हे मोजण्यापेक्षा कोणत्या खात्यावर किती चुका झाल्या हे मोजले पाहिजे, हा त्यातला धडा ईमेलच्या ओटीपीलाही तसाच्या तसा लागू आहे.

याहून साधा आणि म्हणूनच अधिक आढळणारा सापळा ‘पुन्हा पाठवा’ या बटणात दडलेला असतो. समजा, पाच चुका झाल्या की तो ओटीपी रद्द होतो, पण नवा मागवल्यावर चुकांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पासवर्ड हाती असलेला चोर दर मिनिटाला नवा ओटीपी मागवून पाच अंदाज लावू लागला, तर दिवसाला ७,२०० आणि शंभर दिवसांत ७ लाख २० हजार अंदाज होतात. तोवर त्याला यश मिळण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक झालेली असते. मोजणी ओटीपीशी न बांधता खात्याशी बांधली आणि दिवसाला वीस चुकांवर कुलूप लावले, तर अख्ख्या वर्षात मिळून ही शक्यता एक टक्क्याच्याही आत राहते. ओटीपी सहाऐवजी आठ अंकी करावा का, असे कोणी विचारले तर मी आधी ही मोजणी तपासायला सांगेन.

यावर एक रास्त आक्षेप येतो: कुलूप लावले तर कोणीही खोडसाळपणे चुकीचे अंक भरून शेजाऱ्याचे खाते बंद पाडेल. पासवर्डाच्या पायरीवर हे खरे आहे, कारण तिथवर कोणीही येऊ शकतो. ओटीपीच्या पायरीवर मात्र पासवर्ड माहीत असल्याशिवाय पोहोचताच येत नाही. त्यामुळे तिथे वीस वेळा चुकणारा एक तर गोंधळलेला सदस्य असतो किंवा ज्याच्या हाती पासवर्ड पडला आहे असा चोर, आणि दोन्ही बाबतींत खाते काही काळ थांबवून सदस्याला ‘तुमचा पासवर्ड कोणाला तरी समजला असण्याची शक्यता आहे’ असे कळवणे हेच योग्य. याच कारणाने पासवर्ड जुळण्याआधी ओटीपीचे ईमेल कधीही पाठवू नये. नाहीतर कोणीही कोणाच्याही मेलबॉक्सवर ईमेलचा पाऊस पाडू शकेल.

वापरलेला ओटीपी लगेच बाद करावा, जसे नाट्यगृहाच्या दारावर तिकीट फाडतात. इथे एक बारकावा आहे. ‘आधी तपासा, मग बाद करा’ अशा दोन पायऱ्या ठेवल्या तर त्यांच्या मधल्या क्षणात तोच ओटीपी घेऊन आलेली दुसरी विनंती आत शिरू शकते. म्हणून ‘अजून न वापरलेला असेल तरच वापरलेला म्हणून नोंदवा’ हा एकच आदेश डेटाबेसला द्यावा आणि त्याने एक नोंद बदलली की नाही यावरून निकाल ठरवावा.

अंक कुठून आणायचे, कुठे ठेवायचे?

संगणकाच्या बहुतेक भाषांमध्ये खेळांसाठी आणि प्रयोगांसाठी वापरायचे यादृच्छिक अंक वेगळे असतात आणि गुप्ततेसाठीचे वेगळे. पहिल्या प्रकारचे अंक दिसायला विस्कळीत असले तरी आधीचे काही पाहून पुढचे ओळखता येऊ शकतात. पायथॉनमध्ये गुप्ततेच्या अंकांसाठी ३.६ या आवृत्तीपासून ‘सीक्रेट्स’ नावाचे वेगळे दालन आहे. पीएचपी आणि नोडमध्येही तशी सोय आहे. तीच वापरावी.

ओटीपी अंकांचा असला तरी तो संख्या म्हणून साठवू नये. ००४२१७ ही संख्या म्हणून साठवली की ती ४२१७ होते, आणि सदस्याने ईमेलमधले सहाही अंक बरोबर भरूनही त्याला ‘चूक’ असे उत्तर मिळते. दर दहांतला एक ओटीपी शून्याने सुरू होतो, त्यामुळे ही तक्रार अधूनमधून येत राहते आणि कोणालाच उलगडत नाही. मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कळफलक मराठी असेल तर सदस्य देवनागरी अंक भरतो. ‘४२’ हे अंक इंग्रजी वळणाने (42) लिहिले काय किंवा देवनागरीत लिहिले काय, आपल्याला एकच. अक्षरांची तुलना करणाऱ्या संगणकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हे आहेत. तुलनेआधी अंक एका वळणाचे करून घ्यावेत आणि ईमेलमधून उचलताना चिकटून आलेल्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. चार ओळींचे काम आहे, पण ते परदेशी बनावटीच्या जोडणीत आपोआप मिळेल या भरवशावर राहू नये.

डेटाबेसमध्ये ओटीपी उघडा ठेवू नये, हे बहुतेकांना माहीत असते. म्हणून पासवर्डासारखा त्याचाही हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा ठसा, साठवला जातो. पण ओटीपी मुळात १० लाखच आहेत. साधा संगणकही त्या सर्वांचे ठसे काही क्षणांत काढून जुळवून पाहू शकतो. ठसा काढताना सर्व्हरवर वेगळी ठेवलेली गुप्त किल्ली त्यात मिसळली, तरच केवळ डेटाबेस पळवणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, पाठवलेल्या ईमेलचा मजकूर उतरत नाही ना, हेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. चाचणीच्या वेळी ईमेल पडद्यावर छापण्याची सोय चालू केलेली असते आणि ती बंद करायचे राहून जाते.

‘ईमेल आलेच नाही’

प्रत्यक्षात सर्वाधिक तक्रार याच गोष्टीची येते, चोरांची नाही. ईमेलची मूळ पद्धत १९८२ च्या मानकातली आहे आणि तिच्यात पाठवणाऱ्याचे नाव तपासण्याची सोय नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे अशी स्थिती होती. पुढे त्यावर तीन ठिगळे लावली गेली. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात याची जाहीर यादी, इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडे दूधवाल्यांची आणि पेपरवाल्यांची नावे देऊन ठेवावीत तशी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची लाखेची मोहोर, जिच्यावरून पत्र वाटेत बदलले गेले नाही हे समजते. आणि या दोन्ही तपासण्या फसल्या तर पत्राचे काय करायचे याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला सुमारे पाच हजार किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना, आणि याहूनेही मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना, तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. दीडशे सदनिकांची संस्था त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, तरी या तिन्ही नोंदी तिने करून घ्याव्यात. नाहीतर ओटीपी स्पॅममध्ये जातो आणि सदस्य तो शोधत बसतो.

काही ईमेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी ‘थोड्या वेळाने या’ असे सांगून परत पाठवतात. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, स्पॅम पाठवणारे बहुधा येत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. म्हणून ईमेलच्या ओटीपीला दोन मिनिटांची मुदत देणे अन्यायाचे आहे. दहा मिनिटे ठीक. ‘पुन्हा पाठवा’ हे बटण एक मिनिटभर निष्क्रिय ठेवावे. नव्या ओटीपीने जुना रद्द होत असेल तर ईमेलच्या विषयात पाठवल्याची वेळ लिहावी, कारण उशिरा आलेल्या तीन ईमेलपैकी शेवटचे कोणते हे सदस्याला दुसऱ्या कशावरून कळणार? डब्लिनच्या सदस्यासाठी ती वेळ कुठली हेही लिहावे लागेल. मुदत मात्र सर्व्हरच्याच घड्याळाने मोजली जाते, त्यामुळे सदस्याच्या संगणकाचे घड्याळ पुढे-मागे असल्याने काही बिघडत नाही.

अंकांऐवजी एक दुवा पाठवावा, त्यावर टिचकी मारली की काम झाले, अशी सूचना अनेकदा येते. ती वाईट नाही, पण कार्यालयांच्या ईमेलमध्ये बसवलेले सुरक्षा-तपासनीस येणारा प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून पाहतात, आणि एकदाच चालणारा दुवा सदस्याच्या आधी तेच वापरून टाकतात.

‘मेलबॉक्सच चोरीला गेला तर?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक नियमांत अशा दुसऱ्या मार्गाच्या पडताळणीसाठी ईमेल वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. कारण सोपे आहे. फोन किंवा कार्ड ही विशिष्ट वस्तू आपल्या ताब्यात असते; मेलबॉक्स मात्र जगातल्या कोणत्याही संगणकावर, बहुधा नुसत्या पासवर्डाने उघडतो. म्हणजे ‘जवळ असलेली वस्तू’ म्हणून आपण जे दाखवतो आहोत ते पुन्हा ‘ठाऊक असलेली गोष्ट’च निघते.

त्यात ‘पासवर्ड विसरलात?’ ची भर पडते. पासवर्ड बदलण्याचा दुवाही ईमेलवर आणि ओटीपीही ईमेलवर, अशी व्यवस्था असेल तर मेलबॉक्स हाती आलेल्या चोराला संस्थेचा पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही. दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात आल्या. काटेकोर अर्थाने ही दुहेरी पडताळणी नाही, आणि वेबसाइटवर तसे मिरवूही नये. तिला ‘ईमेलने खातरजमा’ म्हणावे, ते खरे असेल.

मग ती करावीच का? करावी, कारण फुटलेल्या पासवर्डांच्या जोड्या घेऊन फिरणारा तो प्रोग्राम तिने अडतो. मात्र ज्या सदस्याने मेलबॉक्सलाही तोच पासवर्ड ठेवला आहे त्याला ती वाचवू शकत नाही, आणि जिथून पैसे हलतात किंवा सर्वांची माहिती एकदम उतरवून घेता येते तिथे ती पुरेशी नाही. आपल्या उदाहरणातल्या संस्थेत सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक या तिघांना अॅप किंवा पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली, अंक न भरता ओळख पटवणारी किल्ली) सक्तीची करावी, बाकीच्यांना ईमेल पुरे.

‘सदस्य खोट्या पानावर ओटीपी भरून देतील’

देतील, आणि त्याला ईमेल, एसएमएस, अॅप यांपैकी कशानेच पूर्ण अटकाव होत नाही. संस्थेच्या वेबसाइटसारखे हुबेहूब पान बनवून चोर मध्ये उभा राहतो, सदस्याने भरलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या वेबसाइटवर भरतो, त्यामुळे खरा ओटीपी खऱ्या सदस्याला जातो, सदस्य तो खोट्या पानावर भरतो आणि चोर आत. माणसाने वाचून दुसरीकडे भरायचे अंक म्हटले की ही फट राहणारच. पासकीत ती नसते, कारण तिथे फोन किंवा संगणकच वेबसाइटचा पत्ता तपासून उत्तर देतो आणि पत्ता वेगळा दिसला की उत्तरच देत नाही. माणसाचा डोळा फसला तरी यंत्र फसत नाही.

ईमेल वापरतानाही थोडे करता येते. ओटीपीच्या ईमेलमध्ये अंकांबरोबर लॉगिनची वेळ, ब्राउझर आणि अंदाजे ठिकाण लिहावे, ‘हे तुम्ही नसाल तर पासवर्ड बदला’ हे वाक्य असावे आणि दुवा एकही नसावा. ‘आमच्या ओटीपीच्या ईमेलमध्ये दुवा कधीच नसतो’ हे सदस्यांना एकदा कळले की दुवा असलेले खोटे ईमेल ओळखणे त्यांना सोपे जाते.

‘रोज रोज कोण अंक भरणार?’

कोणी नाही, म्हणूनच ‘हा संगणक ३० दिवस लक्षात ठेवा’ अशी सोय द्यावी. त्यासाठी ब्राउझरमध्ये एक लांबलचक गुप्त खूण ठेवायची आणि सर्व्हरवर तिचा ठसा. लक्षात ठेवलेल्या संगणकांची यादी सदस्याला दिसावी, त्यातला एखादा काढून टाकता यावा, आणि पासवर्ड बदलला की सर्वच निघून जावेत. मात्र ईमेलचा पत्ता बदलताना, किंवा सर्व सदनिकाधारकांची यादी उतरवताना, ओळखीच्या संगणकावरही ओटीपी पुन्हा विचारावा.

सुरू करण्याच्या दिवशी

सर्वांसाठी एकाच रात्री सक्ती केली तर सकाळी सचिवांचा फोन थांबणार नाही. नोंदवहीतले काही पत्ते चुकीचे लिहिलेले असतात, काही बंद पडलेले, आणि काही ठिकाणी वडिलांच्या खात्याला मुलाचा कार्यालयीन ईमेल दिलेला असतो, जो मुलाने नोकरी बदलताच बंद होतो. म्हणून आधी महिनाभर प्रत्येकाला लॉगिननंतर एक ओटीपी पाठवून पत्ता चालतो याची खात्री करून घ्यावी आणि खात्री झालेल्या खात्यांवरच सक्ती चालू करावी. त्याच वेळी एकदाच चालणारे आठ-दहा राखीव क्रमांक देऊन ते कागदावर लिहून घरात ठेवायला सांगावे. ‘पासवर्ड कागदावर लिहू नका’ असे ऐकत आलेल्यांना ही सूचना विचित्र वाटेल, पण इंटरनेटवरून येणाऱ्या चोराचा हात ठाण्यातल्या कपाटातल्या कागदापर्यंत पोहोचत नाही, आणि कपाटाजवळच्या माणसाला तो कागद पासवर्डाशिवाय निरुपयोगी आहे.

आणि शेवटी उरते ते कार्यालयातले दार. ‘मी ४०२ मधल्या काकांचा पुतण्या बोलतोय, त्यांचा ईमेल बंद झालाय, हा नवा घालून द्या’ असा फोन आला आणि कारकुनाने सद्भावनेने पत्ता बदलला, तर वर लिहिलेले सगळे तिथेच वाया जाते. फोनवरून पत्ता बदलू नये. सदस्याने ओळखपत्र घेऊन यावे किंवा संस्थेकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर कार्यालयाने स्वतः फोन करावा, बदलाची सूचना जुन्या पत्त्यावर जावी, आणि नवा पत्ता ४८ तासांनंतरच लागू व्हावा. त्या दोन दिवसांत काकांना खरोखरच बिल पाहायचे असेल, तर कार्यालयाने ते छापून त्यांच्या घरी पाठवावे.